इक्बालांची अखेरची भेट आणि समाजवादी



२१ एप्रिल १९३८ रोजी लाहोरला महंमद इक्बाल निवर्तले. त्याच वर्षी ‘अर्मुगान-ए-हिजाज’, म्हणजे हिजाजची भेट, हा त्यांचा अखेरचा काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला. त्याचा मोठा भाग फारसी चतुष्पद्यांचा, उरलेला मुख्यतः उर्दू कवितांचा. हिजाजच्या यात्रेची ओढ कवीला आयुष्यभर होती. ती घडली नाही. देहाला न घडलेली यात्रा शब्दांनी केली, असे या पुस्तकाचे स्वरूप आहे.

पाकिस्तानचा राष्ट्रकवी म्हणून त्यांना वंदन करणे किंवा फाळणीचा उद्गाता म्हणून त्यांना दूर सारणे, दोन्ही सोपे आहे. पुस्तक वाचण्याचे कष्ट मात्र दोन्ही पक्ष टाळतात.

या संग्रहात १९३६ साली लिहिलेली सैतानाच्या सल्लागार सभेची दीर्घ उर्दू कविता आहे. जगातील साम्राज्यशाही आणि भांडवलशाही ही आपलीच निर्मिती असल्याची फुशारकी सैतान तीत मारतो. पाश्चात्य लोकशाही हा राजेशाहीला आपणच चढवलेला नवा वेष, असे एक सल्लागार सांगतो. मार्क्सच्या विचाराने दास मालकांचे तंबू उखडू लागल्याची दुसऱ्याला धास्ती वाटते. सैतानाला मात्र खरे भय समाजवादाचे नसून इस्लामचे वाटते. कारण त्या धर्मात गुलामीला थारा नाही आणि जमीन राजाची नसून ईश्वराची आहे. म्हणून मुसलमानांना धर्मशास्त्राच्या शाब्दिक वादांत गुंतवून ठेवा, असा आदेश तो देतो.

शोषणाचे इतके जळजळीत निदान करणाऱ्या कवीशी समाजवाद्याचे भांडण निदानाबाबत नाही, उपायाबाबत आहे. जमीन राजाची नाही, एवढ्याने ती कुळाची होत नाही; त्यासाठी कायदा लागतो, संघटना लागते. आणि ज्या जमीनदाराविरुद्ध ती उभी करायची, तो अनेकदा कुळाचाच धर्मबंधू असतो. मिल्लतीची हाक दोघांना एका रांगेत बसवते; खंडाचा प्रश्न त्या रांगेबाहेरच राहतो.

याच संग्रहात देवबंदचे मौलाना हुसेन अहमद मदनी यांच्यावर टीका करणारे तीन शेरही आहेत. आजच्या काळात राष्ट्रे वतनावरून बनतात, असे मदनी १९३८ च्या आरंभी म्हणाले होते. त्यावर कवीने प्रहार केला. पुढे मदनींनी खुलासा केला आणि मार्च १९३८ मध्ये इक्बालांनी आपला आक्षेप मागे घेतला. महिन्याभरात ते गेले. शेर मात्र पुस्तकात राहिले. आक्षेप मागे घेणारे पत्र वर्तमानपत्रात छापले गेले, पण पद्य पाठ होते आणि पत्र विस्मरणात जाते. धर्मनिष्ठ मुसलमानानेही संयुक्त राष्ट्रीयत्वाचा पक्ष घेतला होता, ही गोष्ट त्या विस्मरणात झाकली गेली.

मुस्लिम वस्तीत जाणाऱ्या कार्यकर्त्याने म्हणून हे पुस्तक संपूर्ण वाचावे. तेथील तरुणाशी बोलताना त्याच्या कवीचा अधिक्षेप करण्याचे कारण नाही. सैतानाला शाब्दिक वाद हवे आहेत, हे त्याच कवीने सांगितले आहे. ते वाद मशिदीतले असोत की मंदिरातले. तेवढ्या आधारावर भाकरीचा आणि जमिनीचा प्रश्न पुन्हा मांडता येतो. आणि तो मांडताना इक्बालांबरोबर मदनींचेही नाव घेतले पाहिजे.