पावती जपून ठेवा
(प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



दिवसभराची कामे उरकून तुम्ही इथे पाटी-पुस्तक घेऊन बसता. कुणाचे डोळे झोपेने जड झालेले असतात, कुणाला घरी जाऊन अजून भाकऱ्या थापायच्या असतात. म्हणून मी फार वेळ घेणार नाही.

मागच्या आठवड्यात तुमच्यातल्या एका मावशींनी मला विचारलं, "मास्तर, पालिका पालिका म्हणतात, ती कुणाची हो? सरकारची का नगरसेवकांची?" तेव्हा वेळ संपला होता. आज त्याच प्रश्नाचे उत्तर द्यायला उभा आहे. आपण मुंबईत राहतो, तेव्हा मुंबईच्या महानगरपालिकेचेच उदाहरण घेऊ.

सकाळी उठल्यावर आपल्याला पालिका पहिल्यांदा कुठे भेटते? नळावर भेटते. हंडा लावला, पाणी आले. पण हे पाणी आले कुठून? मुंबईला सात तलावांचे पाणी येते. विहार आणि तुळशी हे दोन तलाव मुंबईतच आहेत. विहार १८६० साली पुरा झाला. तानसा १८९२ साली झाला. पुढे वैतरणा नदीवर आणि भातसा नदीवर धरणे झाली. वैतरणेवरच्या एका तलावाला मोडकसागर म्हणतात. मोडक हे कुणी राजे नव्हते की पुढारी नव्हते. ते पालिकेचे इंजिनियर होते, म्हणजे पालिकेचे नोकर. चांगले काम करणाऱ्या नोकराचे नाव तलावाला मिळाले, ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे आपल्याला तिचा उपयोग आहे.

शंभर किलोमीटरवरून मोठमोठ्या नळांतून हे पाणी येते. ते गाळतात, शुद्ध करतात आणि मग गल्लोगल्ली सोडतात. दर दिवशी सुमारे ३८५ कोटी लिटर! आणि हे झाले नुसते पाणी. रस्ते झाडायचे, कचरा उचलायचा, गटारे वाहती ठेवायची. केईएम, नायर, सायन अशी मोठी इस्पितळे चालवायची. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती अशा आठ भाषांतल्या शाळा चालवायच्या. जन्माची नोंद तिथेच आणि मरणाचीही तिथेच. पाळण्यापासून सरणापर्यंत पालिका आपल्याबरोबर असते.

आता हे सारे करायला पैसा लागतो. किती? २०२५-२६ या वर्षाचे मुंबई पालिकेचे अंदाजपत्रक ७४,४२७ कोटी रुपयांचे होते. अंदाजपत्रक म्हणजे काय? पगार हातात आला की घरची बाई मनाशी जुळवणी करते. इतके वाण्याचे, इतके भाड्याचे, इतके पोरांच्या फीचे, इतके दुखण्याखुपण्याला. तेच कागदावर लिहिले की झाले अंदाजपत्रक.

हा पैसा येतो कुठून? कुणी म्हणेल, "मोठ्या लोकांकडून. आमचा काय संबंध? आमची खोली दहा बाय बाराची. आम्ही कुठे घरपट्टी भरतो?" खरे आहे. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांची घरपट्टी मुंबईत २०२२ पासून माफ झाली. पण म्हणून तुम्ही काहीच देत नाही, असे समजू नका.

जुन्या लोकांना दहिसरचा, मुलुंडचा जकात नाका आठवत असेल. मालाचे ट्रक तिथे रांगेने उभे असत. शहरात येणाऱ्या मालावर पालिका जकात घेई. पालिकेची सर्वांत मोठी कमाई तीच होती. व्यापारी जकात भरी आणि मालाच्या किमतीत चढवून आपल्याकडून वसूल करी. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि जकात बंद झाली. तिच्या बदली राज्य सरकार पालिकेला भरपाई देते. ती सरकार कुठून देते? लोकांनी भरलेल्या करांतून. तुम्ही साबणाची वडी घेतली, पोराला चप्पल घेतली, त्यात कर दिलाच. म्हणजे धुणीभांडी करणारी बाईसुद्धा पालिका चालवते. पाणीपट्टी, घरपट्टी, बांधकामाची फी, बँकेत ठेवलेल्या पैशाचे व्याज, हे सगळे त्यात मिळते आणि तिजोरी भरते.

तर मावशी, तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर झाले. पैसा आपला आहे. आता तो खर्च कोण करतो ते पाहू.

मुंबई पालिकेचा कायदा १८८८ सालचा आहे. त्यात पुष्कळ बदल झाले, पण मूळ मांडणी तीच राहिली. आपण मते देऊन २२७ नगरसेवक निवडतो. ते सभेत बसतात, ठराव करतात, प्रश्न विचारतात. पण झाडू मारायला कुणाला कुठे पाठवायचे, कुठला नळ कधी दुरुस्त करायचा, हा रोजचा कारभार त्यांच्या हाती नसतो. तो आयुक्ताच्या, म्हणजे कमिशनरच्या हाती असतो. आयुक्ताला राज्य सरकार नेमते.

मग नगरसेवकांच्या हाती काय? त्यांच्या हाती तिजोरीची किल्ली असते. आयुक्त फेब्रुवारीत अंदाजपत्रक मांडतो. स्थायी समिती ते तपासते, त्यात कमीजास्त करते, मग ते मोठ्या सभेपुढे जाते. मोठा ठेका द्यायचा तर स्थायी समितीची मंजुरी लागते. शिवाय लेखापरीक्षक असतो. झालेला खर्च बरोबर झाला का, हे तो तपासतो आणि अहवाल स्थायी समितीपुढे ठेवतो. आयुक्त अगदीच नको झाला, तर दर आठ नगरसेवकांतल्या पाचांनी तसे मत दिल्यावर सरकारला त्याला परत बोलवावे लागते.

ही मांडणी मुद्दाम अशी केली आहे. करणारा वेगळा आणि विचारणारा वेगळा. घरात एकानेच कमवायचे, त्यानेच खर्चायचे आणि हिशेबही त्यानेच तपासायचा, असे झाले तर काय होते, ते तुम्हाला सांगायला नको. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि निवडणूक वेळेवर झाली नाही. ती झाली १५ जानेवारी २०२६ रोजी. मधली जवळजवळ चार वर्षे आयुक्तच प्रशासक होते. खर्च मांडणारे तेच, मंजुरी देणारेही तेच. माणूस कितीही भला असो, ही रीत बरी नव्हे. मत देणे म्हणजे आपल्या वतीने विचारणारा माणूस सभेत पाठवणे. तो खरोखर विचारतो का, हे बघणे आपले काम.

विचारणारा माणूस एकटा असला तरी चालतो. महात्मा फुले १८७६ पासून काही वर्षे पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद होते. १८८० च्या सुमारास व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास यायचे होते. त्यांच्या स्वागतासाठी, शहर सजवण्यासाठी पालिकेच्या तिजोरीतून हजार रुपये खर्चायचे घाटत होते. बाकीचे सभासद राजी होते. जोतिरावांनी एकट्यांनी विरोध केला. त्यांचे म्हणणे असे, की कमानी-पताकांवर उडवण्यापेक्षा हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा. मंडईच्या मोठ्या इमारतीवर होणाऱ्या खर्चालाही त्यांनी विरोध केला होता. आणि गंमत पाहा, त्याच मंडईला आज महात्मा फुले मंडई म्हणतात. तेव्हा खर्चाला प्रश्न विचारणारा माणूस शहराचा वैरी नसतो, हे पुण्याच्या लोकांनाही पुढे पटले.

आता नोकरांविषयी बोलू. पालिकेचे नोकर म्हणजे नुसते खुर्चीवरचे साहेब नव्हेत. पहाटे हजेरी चौकीवर अंगठा देऊन झाडू उचलणारा माणूस पालिकेचा नोकर. गटारात उतरणारा, नळाची चावी फिरवणारा, इस्पितळातली आया, शाळेतली बाई, सगळे पालिकेचे नोकर. तुमच्यापैकी काही जण याच कामावर आहात, हे मला ठाऊक आहे.

यांच्यावर देखरेख पाहिजे का? पाहिजेच. मुकादमाने हजेरी घ्यावी, वरच्याने मुकादमाला तपासावे. पण देखरेख म्हणजे नुसता धाक नव्हे. काम घ्यायचे तर दाम पुरा द्यायचा, हातमोजे द्यायचे, बूट द्यायचे, आजारपणाची रजा द्यायची. मुंबईत कचरा उचलणारे हजारो लोक वर्षानुवर्षे ठेक्यावर राबले. काम तेच, पण कायम नोकराचे हक्क नाहीत. त्यांनी संघटना केली, कोर्टात गेले. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांना कायम करण्याचा निकाल उचलून धरला. अशा लढ्यात कागदाला फार मोल असते. मी किती दिवस कामावर होतो? कुणाच्या हाताखाली होतो? माझे नाव बरोबर लिहिले आहे का? हे ज्याला वाचता येते, त्याला कोणी सहजी फसवू शकत नाही.

आता एक घरची गोष्ट सांगतो. शहराचे नाव सांगत नाही.

मी दहा-अकरा वर्षांचा होतो. आमच्या वस्तीत नळ नव्हता. आई पहाटे चार वाजता दूरच्या नळावर जायची. एक दिवस खाकी कपड्यातला एक माणूस आला. म्हणाला, "बाई, तुमच्या दारात नळ देतो. इतके पैसे भरा." आईने पाटल्या मोडल्या आणि पैसे दिले. त्याने एक छापील कागद दिला, त्यावर गोल शिक्का होता. आईला वाचता येत नव्हते. तिने तो कागद कुंकवाच्या डब्याखाली जपून ठेवला. दिवाळी गेली, शिमगा गेला, नळ काही येईना. शेवटी मला बरोबर घेऊन ती कचेरीत गेली. खिडकीवरच्या कारकुनाने कागद पाहिला आणि म्हणाला, "बाई, ही पावती नाही. हा कोरा अर्ज आहे. यावर ना रक्कम, ना नंबर, ना सही. पैसे कुणाला दिलेत?"

आई काही बोलली नाही. बाहेर पायरीवर बसली. मग म्हणाली, "तू शाळेत जातोस ना? मग मी हा कागद तुला का दाखवला नाही रे?" त्या दिवसाचा तिचा चेहरा मी विसरलेलो नाही. पुढे मी एका नगरपालिकेत हिशेबाच्या टेबलावर कारकून झालो. नोकरीत होतो तोवर माझ्या खिडकीवर आलेल्या माणसाला पावती वाचून दाखवल्याशिवाय मी पुढचा माणूस घेतला नाही. मागचे लोक कधी कधी ओरडत. ओरडू देत.

म्हणून चार गोष्टी सांगतो, त्या पाठ करा.

पहिली गोष्ट. पैसे दिले की पावती घ्या. पावतीवर चार गोष्टी बघा : नाव, रक्कम, तारीख आणि पावतीचा नंबर. यांतली एक जरी नसली, तरी खिडकी सोडू नका.

दुसरी गोष्ट. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. लेखी द्या. दोन प्रती करा. एक कचेरीत द्या आणि दुसरीवर पोच घ्या, म्हणजे शिक्का, तारीख आणि आवक नंबर. मुंबईत १९१६ या नंबरावर फोन करूनही तक्रार देता येते. तिथे मिळालेला तक्रारीचा नंबर लिहून ठेवा.

तिसरी गोष्ट. दाखला किंवा नळजोडणी किती दिवसांत मिळाली पाहिजे, हे ठरलेले असते. महाराष्ट्रात २०१५ साली लोकसेवा हक्काचा कायदा झाला. ठरलेल्या सेवा किती दिवसांत मिळतील, हे कचेरीतल्या फलकावर लिहिले पाहिजे. कारण नसताना उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. फलक वाचा. सापडला नाही, तर "फलक कुठे आहे?" असे विचारा.

चौथी गोष्ट. आपल्या गल्लीच्या रस्त्यावर किती खर्च झाला, ठेका कुणाला दिला, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ साली झाला. साधा अर्ज, दहा रुपये फी. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तीही नाही. तीस दिवसांत उत्तर आले पाहिजे.

विचारताना भांडायचे कारण नाही. खिडकीपलीकडचा माणूस आपला वैरी नव्हे. त्यालाही घरदार आहे, त्याच्याही टेबलावर कागदांचा ढीग आहे. चांगले काम करील त्याला चांगले म्हणा. मोडकसागर आठवा. पण कुणी टेबलाखालून हात पुढे केला, तर तोंडाने फक्त एवढेच म्हणा, "साहेब, पावती मिळेल ना?" या चार शब्दांनी पुष्कळ हात मागे जाताना मी पाहिले आहेत.

मावशी, आता तुमच्या प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर. पालिका ना सरकारची, ना नगरसेवकांची. ती आपली आहे. पण ज्या घराचा धनी हिशेब विचारत नाही, ते घर त्याचे नावापुरतेच राहते.

पुढच्या सोमवारी येताना प्रत्येकाने घरातली एक पावती घेऊन या. विजेची असो, पाण्याची असो, इस्पितळाची असो. आपण ती फळ्यावर लिहून वाचू. आणि कुणाच्या डब्याखाली एखादा जुना कागद जपून ठेवलेला असेल, तर तोही आणा. लाजू नका. तो आपण सगळे मिळून वाचू.