मुरघास आंबट, गाय नाराज



आपल्या पनवेल भागात गवताची एक मोठी अडचण आहे. श्रावण-भाद्रपदात बांधावर, माळावर गवत भरपूर वाढते. पण तेव्हा ऊन नसते, म्हणून ते वाळवता येत नाही. ऊन पडते तेव्हा गवत जून होऊन त्याची काडी झालेली असते. मग चैत्र-वैशाखात गाईपुढे काय टाकायचे? भाताचा पेंढा! पेंढ्याने पोट भरते, चरवी भरत नाही. त्यातून आता वस्ती वाढली, गुरचरण आटले. म्हणून मुरघास करावा, असे सांगतात आणि ते खरे आहे.

पण पुष्कळांचा अनुभव असा, की मेहनतीने मुरघास केला, गव्हाणीत टाकला, आणि गाईने हुंगून तोंड फिरवले. दूध उतरले. मालक म्हणतो, ‘हा माल उकिरड्यावर टाका.’ थांबा. टाकण्याआधी गाईचे म्हणणे समजून घेऊ.

हवा कोंडलेल्या जागी सूक्ष्म जंतू वैरणीतल्या साखरेचे लॅक्टिक आम्ल करतात. दह्यातही हेच आम्ल असते. त्यानेच वैरण टिकते. फिनलंडचे शास्त्रज्ञ विर्तानेन यांनी तर वैरणीवर मुद्दाम आम्ल शिंपडून ती टिकवण्याची रीत काढली. त्यांना 1945 साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा आंबटपणा हा मुरघासाचा दोष नव्हे, तो त्याचा राखणदार आहे.

आंबटपणा मोजतात सामू या मापाने. सामू जितका कमी, तितका आंबटपणा जास्त. एक अंक उतरला की आंबटपणा दहापट. चांगल्या मुरघासाचा सामू 4 च्या आसपास असतो. गाईच्या कोठीपोटात मात्र तो साधारण 6 ते 7 असावा लागतो, तरच चारा पचवणारे जंतू नीट काम करतात. हे आम्ल मारते कोण? गाईची लाळ. मोठी गाय दिवसाला शंभर लिटरपर्यंत लाळ गाळते, आणि त्या लाळेत सोड्यासारखे क्षार असतात. पण लाळ सुटते चघळण्याने आणि रवंथाने. मऊ, बारीक, ओला मुरघास एकटाच दिला तर चघळणे कमी, लाळ कमी आणि आम्ल जास्त. मग गाय आपणहून खाणे कमी करते. तो तिचा हट्ट नव्हे, शहाणपण आहे.

आपण तरी काय करतो? आंबट ताक नुसते लोटाभर पिववत नाही, पण भाताबरोबर सहज जाते. तसेच इथे करावे. मुरघासाबरोबर पेंढा द्यावा. पहिल्या दिवशी तीन-चार किलोच द्यावा आणि आठ-दहा दिवसांत वाढवत न्यावा. मुरघासात खाण्याचा सोडा मिसळल्यास जनावरे तो जास्त खातात, असे प्रयोगांत दिसले आहे. मात्र प्रमाण पशुवैद्याला विचारूनच ठरवावे.

खरा इलाज मात्र भरतानाच असतो. फार ओली वैरण भरली, की आम्ल बेसुमार होते किंवा माल कुजतो. कुट्टी मुठीत दाबावी. पाणी गळले तर ती अजून ओली आहे. थोडी सुकू द्यावी. गवतात साखर कमी असते, म्हणून शंभर किलोमागे एक-दोन किलो गूळ पाण्यात कालवून शिंपडावा. आपल्याकडे पावसात खड्ड्याला पाझर फुटतो, तेव्हा जमिनीवरची टाकी किंवा जाड प्लॅस्टिकची पिशवी बरी. तुडवून हवा काढावी आणि तोंड घट्ट बांधावे.

आता मुरघास टाकायचा कधी? नाकाला विचारा. फळासारखा, दह्यासारखा आंबूस वास आला तर माल चांगला. खवट लोण्यासारखा, कुजका वास आला, चिकटा सुटला किंवा बुरशी दिसली, तर तो जनावराला देऊ नये.

गुरुजनहो, शाळेत सामू मोजायची कागदी पट्टी असेल तर मुलांना चिमूटभर मुरघास आणायला सांगा. पाण्यात कालवून पट्टी बुडवा. पुस्तकातले आम्ल गोठ्यात भेटले, की मुले ते विसरत नाहीत. आणि घरी जाऊन बापाला सांगतील, ‘बाबा, फेकू नका, पेंढा मिसळा.’