एकाच खोक्यातलं होम थिएटर घेताना



घरात नवा टीव्ही येतो, भिंतीवर लागतो, चित्र बघून सगळे खूश होतात आणि दोन दिवसांत घरातली मोठी माणसं विचारायला लागतात, "काय म्हणाला तो?" आवाज वाढवला की गाणी आणि जाहिराती अंगावर येतात, कमी केला की संवाद कळत नाहीत. यात त्यांच्या कानांचा दोष फार थोडा असतो. हल्लीचे टीव्ही इतके चपटे झालेत की त्यांत धड स्पीकर बसवायला जागाच उरलेली नाही. जे बसवतात त्यांची तोंडं बहुधा खाली किंवा मागे असतात, आणि आवाज भिंतीवर आपटून आपल्यापर्यंत येतो. मग थोडे पैसे बाजूला टाकून माणूस मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा आपल्या तालुक्याच्या दुकानात जातो आणि सगळं एकत्र मिळणारा होम थिएटरचा संच मागतो. दहा-पंधरा हजार रुपये साध्या घरात सहज उभे राहत नाहीत. म्हणूनच ते नेमके कशासाठी मोजायचे, यावर आज बोलायचं आहे.

दुकानात आधी पुढे केले जातात ते वॅटचे आकडे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत काही हजार वॅट आणि शेजारी 'पीएमपीओ' असं लिहिलेलं दिसलं, तर तो आकडा खुशाल सोडून द्या. त्याला सर्वमान्य मोजमापच नाही; ज्याने त्याने आपापल्या हिशेबाने लिहिलेला असतो. 'आरएमएस' वॅट किती ते विचारा. तिथेही बारीक अक्षरांत 'टीएचडी १० टक्के' असं आढळलं, तर समजा की तेवढी ताकद काढताना आवाज चांगलाच फाटलेला असतो. शिवाय ताकद दुप्पट झाली तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने, आणि कानाला दुप्पट मोठा वाटायला ताकद साधारण दहापट लागते. तेव्हा ६० वॅट आणि ८० वॅट यांतला फरक कानाला जवळजवळ कळत नाही. त्यासाठी दोन हजार रुपये जास्त मोजू नका.

आता ५.१ या आकड्याकडे येऊ. पाच म्हणजे डावा, उजवा, मधला आणि मागचे दोन स्पीकर. टिंबापुढचा एक म्हणजे सबवूफर, साधारण १२० हर्ट्‌झच्या खालचा घुमणारा आवाज देणारा. सगळ्यांची नजर त्या सबवूफरवर जाते. मी मात्र मधला स्पीकर आधी बघतो, कारण सिनेमाच्या ५.१ ध्वनिमिश्रणात बहुतेक संवाद त्याच्यातून येतात. आजीला ऐकू यायला हवं असेल, तर तोच चांगला हवा.

पण तो खरोखर काम करणार आहे का? सबवूफरचा डबा फिरवून त्याची पाठ बघा. स्वस्तातल्या संचात बहुधा तिथेच अ‍ॅम्प्लिफायर असतो आणि सगळ्या जोडण्याही तिथेच असतात. लाल-पांढऱ्या सॉकेटची एकच जोडी, ब्लूटूथ आणि पेन ड्राइव्हची जागा, एवढंच दिसलं आणि एचडीएमआय नाही, ऑप्टिकल नाही, डॉल्बी डिजिटलची खूण नाही, तर त्या संचात स्पीकर पाच असले तरी आत येणारा आवाज दोनच वाटांनी येतो. तोच पुढे-मागे वाटला जातो. पात्र पडद्यावर बोलतं आणि आवाज पाठीमागूनही येतो. याला ५.१ म्हणून विकणं मला गैर वाटतं. काही संचांवर सॉकेटच्या तीन जोड्या असतात, पण त्या सहा वाटांनी आवाज देणारी सोय आजच्या टीव्हीवर जवळपास नसते.

म्हणून एचडीएमआय एआरसी किंवा निदान ऑप्टिकल असलेलाच ५.१ संच घ्या. एआरसीची सोय २००९ साली एचडीएमआय १.४ बरोबर आली. तिच्यामुळे टीव्हीचा आवाज त्याच केबलमधून उलटा संचाकडे येतो. टीव्हीच्या पाठीमागे एचडीएमआयची दोन-तीन तोंडं असली तरी 'एआरसी' बहुधा एकावरच लिहिलेलं असतं. केबल तिथेच लावायची. मग टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन डिजिटल आउटपुट 'पीसीएम' असेल तर ते बदलून 'बिटस्ट्रीम' किंवा 'डॉल्बी डिजिटल' करायचं. हे राहून गेलं की चांगला संचसुद्धा दोन वाटांचाच आवाज वाजवत राहतो, आणि घरी जोडून देणारा माणूस हे करेलच असं नाही.

घरात मुख्यतः मालिका, बातम्या आणि यूट्यूबवरची कीर्तनं लागत असतील, तर ते सारं बहुतांशी दोन वाटांच्या आवाजातच येतं. मग मागचे स्पीकर हवेत कशाला? त्याच पैशांत २.१ संच, म्हणजे दोन बऱ्यापैकी मोठे स्पीकर आणि एक सबवूफर, जास्त सुख देईल. दहा हजारांच्या आत माझं मत सरळ त्याच बाजूला आहे. पाच हलक्या, तळहाताएवढ्या डब्यांपेक्षा दोन वजनदार डबे बरे.

ऐकून बघताना दुकानदार दणदणीत गाणं लावेल. त्याला आधी सबवूफर शून्यावर आणायला सांगा, आणि आपल्या ओळखीचा सिनेमा लावा. चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' माझ्या पसंतीचा, कारण न्यायालयातलं एकसुरी बोलणं त्यात भरपूर आहे. 'स' आणि 'श' कानाला टोचतात का, पुरुषाचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो का, ते ऐका. मग 'सैराट'मधलं एखादं गाणं लावून त्यातली व्हायोलिनं वेगळी कळतात की नुसता गलका होतो ते पाहा. आता सबवूफर हळूहळू वाढवा. आवाज तीन-चतुर्थांशावर नेऊन डब्यावर तळहात ठेवा. लाकूड खडखडत असेल तर तो संच नको. शेवटी गाणं थांबवून, संच चालूच ठेवून नुसता आवाज पूर्ण वाढवला आणि स्पीकरमधून घूं ऐकू आलं, तर रात्रीच्या शांततेत घरीही तेच ऐकावं लागेल.

एकत्र संचातली मोठी अडचण दुरुस्तीची. अ‍ॅम्प्लिफायर गेला की सहाही स्पीकर गप्प. वायरींच्या पिना पुष्कळदा कंपनीच्या स्वतःच्या घाटाच्या असल्याने दुसरा स्पीकर चालत नाही. सर्व्हिस सेंटर आपल्या गावापासून किती लांब आहे, सुटा रिमोट मिळतो का, हे पैसे देण्याआधी विचारा. मागच्या वायरींची लांबीही मोजा. दार चुकवून कडेकडेने न्यायच्या म्हटल्या, तर बारा फुटांच्या हॉललाही पंचवीस फूट लागू शकतात.

घरी सोफा भिंतीला टेकलेला असेल तर मागचे स्पीकर सोफ्याच्या दोन्ही बाजूंना, कानापेक्षा थोडे वर लावा. टाइल्सच्या फरशीवर आवाज घुमतो, तिथे सतरंजी अंथरा, खिडकीला जाड पडदा लावा. सबवूफर कोपऱ्यात ठेवला तर दणका वाढतो आणि खालच्या मजल्यावरही जातो, म्हणून भिंतीपासून फूटभर सुटा ठेवा. काही संचांत 'नाइट मोड' असतो. तो मोठे आवाज दाबतो आणि हळू बोलणं वर आणतो. मोठ्या माणसांसाठी तो दिवसाही चालू ठेवायला हरकत नाही.