संक्रांतीच्या सकाळी सैनिकांच्या नावाची धाव

जुन्नर-आंबेगावच्या सगळ्या बचत गटांना नमस्कार, आणि कांदा लावताना बांधावर रेडिओ ठेवून ऐकताय त्यांनाही.

14 जानेवारी म्हटलं की आपल्याला तीळगूळ आणि वाण आठवतं. हाच दिवस देशात माजी सैनिक दिन म्हणूनही पाळतात. आपल्या लष्कराचे पहिले भारतीय सरसेनापती के. एम. करिअप्पा 1953 साली याच तारखेला निवृत्त झाले, म्हणून ही तारीख. संक्रांत काही वर्षी 15 ला येते, बाकी वर्षी दोन्ही एकाच दिवशी. तर या वर्षी त्या सकाळी गटानं मिळून धावायचं, आणि ते सैनिकांच्या नावानं धावायचं, असं मला सुचवायचं आहे.

ही काही माझ्या डोक्यातली नवी गोष्ट नाही. पुण्यात दक्षिण कमांडचं मुख्यालय आहे. त्यांनी 1971 च्या विजयाची आठवण म्हणून डिसेंबर 2022 मध्ये ‘विजय रन’ घेतली होती. सैनिकांसाठी धावा, सैनिकांसोबत धावा, असं त्यांचं म्हणणं. शहरात त्यासाठी मोठे रस्ते मोकळे करतात. आपल्याला शाळेचं मैदान पुरे.

आपण ते असं करू. मैदानाला फेऱ्या मारायच्या. प्रत्येक फेरी एका सैनिकाच्या नावाची. फेरी सुरू होण्याआधी एकीनं त्याचं नाव, पलटण, कुठे कुठे नोकरी केली, एवढं मोठ्यानं वाचायचं आणि मग पळायचं. जिला पळवत नाही तिनं चालायचं. मैदानावर हे बरं असतं, कोणी मागे पडलेलं दिसतच नाही. म्हातारे फौजी खुर्चीत बसून बघतील. आपल्याकडे फौजेतून आलेल्या कोणालाही गाव ‘मेजर’च म्हणतं, मग तो शिपाई म्हणून निवृत्त झालेला असो की सुभेदार. त्या दिवशी त्यांचा खरा हुद्दा विचारा. किती जणांना माहीतच नसतो!

ही माहिती गोळा करायला दोन आठवडे लागतील. घरोघर जा. जुनी चावडी, शाळा, वेशीची भिंतही बघून या. 1914 ते 1919 च्या महायुद्धाला या गावातून किती माणसं गेली आणि किती परत आली नाहीत, हे सांगणाऱ्या दगडी पाट्या महाराष्ट्रात कितीतरी गावांत आहेत. चुन्याखाली झाकल्या गेल्यात, एवढंच.

आता खरा मुद्दा. सैनिकांचा सत्कार म्हटला की शाल, नारळ, फोटो, आणि पुढाऱ्यांचं भाषण. सैनिकाची विधवा मात्र कोपऱ्यात उभी. संध्याकाळी हळदी-कुंकवाला तर तिला बोलावणंच नसतं. नवरा देशासाठी गेला म्हणून सकाळी वीरपत्नी म्हणायचं आणि संध्याकाळी तिच्या दारावरून वाण दुसरीकडे न्यायचं, हे मला पटत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव केला की बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं, या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. म्हणजे आपण काही जगावेगळं मागत नाही.

म्हणून पहिल्या फेरीत सगळ्यांत पुढे तिला घ्या. पण चारचौघींत एकदम हात धरून ओढू नका. आधी तिच्या घरी दोघी जा, चहा घ्या, विचारा. तिला फक्त बसायचं असेल तर बसू दे. सासूबाई काही म्हणाल्या तर त्यांनाही मैदानावर घेऊन या, त्या वीरमाता आहेत. आणि तीळगूळ, वाण त्याच मैदानावर, त्याच वेळी, सगळ्यांना सारखं. संध्याकाळपर्यंत थांबलात की पुन्हा जुनी यादी निघते.

पळणं बाईला शोभतं का, असं कोणी विचारलंच तर साताऱ्याच्या स्वाती महाडिक यांचं नाव सांगा. त्यांचे पती कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर 2015 मध्ये कुपवाड्यात शहीद झाले. दोन मुलांची आई असताना त्या चेन्नईच्या लष्करी अकादमीत वयानं लहान मुलींच्या बरोबरीनं कवायत करून, धावून, सप्टेंबर 2017 मध्ये लेफ्टनंट झाल्या.

आता वेळेचं. पहाटे पाचला अजिबात नको. भरतीची तयारी करणाऱ्या पोरी अंधारात रस्त्यानं पळतात, मला तीही काळजी वाटते. जानेवारीत ऊसतोड चालू असते, फड मोकळे होतात आणि बिबट्या पिलांसकट जागा बदलतो. शिवाय विघ्नहर, भीमाशंकर कारखान्यांकडे जाणाऱ्या ट्रॉल्या. नीट उजाडल्यावर, आठच्या सुमाराला जमा. येताना-जाताना घोळक्यानं या, लहान लेकरं मधे ठेवा, उसाकडेला एकटीनं बसायला जाऊ नका. बिबट्या दिसला तर वनखात्याचा नंबर 1926.

तयारीचं थोडक्यात सांगते. आजपासून एक दिवसाआड दोन मिनिटं चाला, एक मिनिट हळू पळा, असं वीस मिनिटं. शेजारणीशी बोलता येईल इतकाच वेग. साडीवर पळायचं तर काष्टा घाला, नाहीतर ड्रेस. पायात चपला नकोत, बूट. बीपी असेल, छातीत दुखत असेल, पळताना लघवी सुटत असेल तर आधी आरोग्य केंद्रात दाखवा. शेवटची तक्रार कितीतरी जणींना असते, लाजू नका.

घरोघर जाल तेव्हा आणखी एक विचारा. माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना घरपट्टी माफ करायचा निर्णय राज्य सरकारनं 2020 मध्ये घेतला आहे. ती माफी मिळते का? नसेल तर ग्रामपंचायतीकडे अर्ज लिहायला मदत करा. पेन्शनचं, ओळखपत्राचं अडलं असेल तर पुण्याचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. तिकडे तिच्यासोबत गटातली एकजण जाऊ दे. कागद हातात धरून एकटीनं बसणं फार जड जातं.

नावांची वही आजच घाला. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं निदान एक नाव घेऊन यायचं, पलटणीसकट.