नायट्रो गाडी घेताना : आधी रसद, मग वेग

मी वाराणसीहून बोलतोय. आजचा विषय आहे रिमोटवर चालणाऱ्या नायट्रो गाड्या. म्हणजे बॅटरीवरच्या नव्हेत, खऱ्या इंजिनाच्या. खेळणं म्हणून कुणी हसत असेल तर आधी आकडे ऐका. या गाडीचं इंजिन मिनिटाला तीस हजारांहून जास्त फेरे घेतं. गाडीचं वजन साडेतीन किलोच्या आसपास असतं आणि मातीच्या ट्रॅकवर ती ताशी ६० किलोमीटरचा वेग सहज गाठते.

इथे आयआयटी बीएचयूमध्ये महाराष्ट्रातली बरीच मुलं शिकायला आहेत. शिवाय दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगेच्या गल्ल्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणारी आपली मराठी घरं आहेत. अशा घरांतली, वसतिगृहांतली मुलं मला विचारतात, "काका, ऑफ-रोड शर्यतीसाठी कोणती नायट्रो गाडी घेऊ?" मुंबई आयआयटीच्या टेकफेस्टमध्ये 'फुल थ्रॉटल' नावाची इंजिनाच्या रिमोट गाड्यांची शर्यत होत आली आहे, तिचे व्हिडिओ त्यांनी पाहिलेले असतात. पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "किती सीसी? किती स्पीड?"

मी उलट चार प्रश्न विचारतो. इंधन कुठून आणणार? सुटे भाग कुठून? चालवणार कोणत्या जमिनीवर? आणि इंजिनाची सुई कोण लावणार? फौजेतली सवय आहे ही. पलटणीत नवीन प्रकारचं वाहन आलं की पहिली चर्चा त्याच्या वेगाची नसते, त्याचे स्पेअर कुठल्या डेपोतून येणार याची असते. पानिपतावर आपली माणसं शौर्यात कमी पडली नव्हती, उपाशी पडली होती. रसद तुटली होती. तर हे चार प्रश्न एकेक करून घेऊ.

पहिला प्रश्न इंधनाचा, कारण सगळ्यात जास्त गाड्या इथेच कपाटात जाऊन बसतात.

नायट्रो इंधन म्हणजे पेट्रोल नाही. त्यात तीन गोष्टी असतात : मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल. नायट्रोमिथेनचं प्रमाण साधारण १६ ते ३० टक्के असतं, थोडं तेल आणि बाकी मिथेनॉल. नायट्रोमिथेनच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. एक किलो पेट्रोल जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, मिथेनॉलला ६.४ किलो आणि नायट्रोमिथेनला फक्त १.७ किलो. म्हणजे तेवढ्याच हवेत कितीतरी जास्त इंधन जळतं, म्हणून एवढ्याशा इंजिनात एवढी ताकद. यात ठिणगी टाकणारा स्पार्क प्लग नसतो. ग्लो प्लग असतो. त्याची प्लॅटिनमयुक्त तार सुरुवातीला दीड व्होल्टच्या सेलने तापवायची, मग मिथेनॉल आणि प्लॅटिनम यांच्यातल्या क्रियेने ती तापलेलीच राहते. म्हणून यात पेट्रोल ओतून काम भागत नाही. इंजिन चालणार नाही आणि सिलिकॉनच्या नळ्या फुगून खराब होतील.

आता हिशेब करा. १:८ मापाच्या बग्गीची टाकी नियमाने १२५ सीसीची असते आणि शर्यतीत ती आठ-दहा मिनिटांत रिकामी होते. म्हणजे एक लिटर इंधनात जेमतेम सव्वा तास. दर रविवारी दोन तास सराव करायचा असेल, तर महिन्याला सहा-सात लिटर लागलं. हे वाराणसीत कुठून येणार? मिथेनॉल विषारी असल्यामुळे त्याच्या विक्रीवर आणि साठ्यावर सरकारी निर्बंध आहेत. नायट्रोमिथेनपासून स्फोटकं होऊ शकतात, म्हणून युरोपीय संघात १६ टक्क्यांहून जास्त प्रमाणाचं इंधन सामान्य माणसाला परवान्याशिवाय मिळत नाही. साधं कुरिअर ते घेत नाही. तेव्हा एखादा मुलगा म्हणतो, "मामा महानगरी एक्सप्रेसने मुंबईहून एक कॅन आणेल." मुळीच नाही. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६४ खाली धोकादायक माल डब्यात नेला तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि कायदा बाजूला ठेवा. भरलेल्या स्लीपरच्या डब्यात बर्थखाली मिथेनॉलचा कॅन, ही कल्पनाच करून बघा.

इथे थोडं थांबतो, कारण हा भाग गाडीपेक्षा महत्त्वाचा आहे. २०१५ साली मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. ते विष मिथेनॉलच होतं. थोडंसं पोटात गेलं तरी डोळे जातात, जीव जातो. कातडीतूनही ते शरीरात शिरतं. काशीतल्या कुठल्याही घरात जा, देवघराजवळ गंगाजलाचे कॅन आणि बाटल्या असतात. प्रवासाला निघालेला पाहुणा त्यातली एक उचलून नेतो. अशा घरात तुम्ही इंधन पाण्याच्या बाटलीत काढून ठेवलंत तर काय होईल, हे मी सांगायला नको. इंधन मूळ कॅनमध्येच, नाव लिहिलेलं, कुलपात, आणि राहत्या खोलीबाहेर ठेवायचं. तोंडाने नळी ओढायची नाही. घरी मिश्रण करायचं नाही. चुकून पोटात गेलंच, तर त्रास होण्याची वाट न पाहता थेट रुग्णालय, आणि डॉक्टरांना 'मिथेनॉल' हा शब्द स्पष्ट सांगायचा.

आणखी एक. मिथेनॉलची ज्वाला भर उन्हात जवळजवळ दिसत नाही. गाडी पेटली आहे हे हात भाजल्यावर कळतं. ते पाण्यात मिसळतं, त्यामुळे भरपूर पाण्याने विझवता येतं. म्हणून मैदानात पाण्याची बादली आणि अग्निशामक नळकांडं आधी पोचलं पाहिजे, गाडी नंतर.

तर जवळपास रीतसर परवान्याने इंधन विकणारा माणूस नसेल, तर नायट्रोचा विचार इथेच सोडा. पुढचे तीन प्रश्न फक्त ज्यांची ही सोय आहे त्यांच्यासाठी.

दुसरा प्रश्न सुट्या भागांचा. ऑफ-रोड गाडी मोडतेच. उडी चुकली की सस्पेन्शनचा आर्म तुटतो, दगड लागला की डिफरन्शियलचे दाते जातात. म्हणून गाडीची किंमत विचारण्याआधी विक्रेत्याला फोन करून सहा वस्तूंची किंमत विचारा : पुढचा आर्म, मागचा आर्म, डिफरन्शियलचे गिअर, क्लचचे शू आणि बेलची बेअरिंग, एअर फिल्टरचा फोम, ग्लो प्लग. "मागवून देऊ, महिना लागेल" असं उत्तर आलं, तर ती गाडी कितीही चांगली असली तरी तुमच्यासाठी नाही. क्योशोची इन्फर्नो किंवा मुगेनची बग्गी जगभरच्या ट्रॅकवर नाव कमावलेली आहे, पण भाग वेळेवर मिळत असतील तरच. चिनी एचएसपीच्या गाड्या स्वस्त असतात आणि त्यांचे बरेचसे भाग दुसऱ्या नावांनी विकल्या जाणाऱ्या भावंडांनाही बसतात. शिकणाऱ्यासाठी हा मोठा फायदा आहे. पैशांचं म्हणाल तर निम्मे गाडीला ठेवा, निम्मे इंधन, भाग आणि हत्यारांना.

तिसरा प्रश्न जमिनीचा. वाराणसीत सगळ्यांची नजर गंगेपलीकडच्या रेतीवर जाते. पावसाळ्यात ती पाण्याखाली असते, पूर ओसरला की मोकळी होते. पण मऊ रेतीत चाकं रुततात, क्लच घसरून तापतो, इंजिनावर भार येतो. शिवाय तिथे पर्यटक असतात, घोडे-उंट असतात, लहान मुलं असतात. साडेतीन किलोची गाडी ताशी ६० किलोमीटरने आली, तर तिचा धक्का पाच मीटर उंचीवरून पडलेल्या दहा किलोच्या पोत्याइतका असतो. हिशेब करून पाहा. या गाड्या सायलेन्सरमधून तेल फेकतात, ते गंगेच्या पात्रात का सांडायचं? कॉलेजचं किंवा खाजगी, परवानगीचं, कुंपणाचं मैदान शोधा. मिळत नसेल तर थांबा.

इथली माती गाळाची, मैद्यासारखी बारीक. ती फिल्टरमधून आत गेली की सिलिंडर घासून काढते, आणि इंजिनाचा दाब एका दुपारीत जातो. म्हणून दोन थरांचा, तेल लावलेला फोम फिल्टर असलेली गाडीच घ्या, आणि दर दिवसाच्या सरावानंतर तो धुवा. ऐकणाऱ्यांपैकी कुणी कोकणात किंवा गोव्यात असेल, तर जांभ्याच्या खडीवर टायर लवकर झिजतात, जरा कडक रबर लागतं. मराठवाड्यात, विदर्भात काळी माती वाळली की भेगा पडतात आणि भिजली की चाकाला चिकटते. तिथे ट्रॅक मुरुमाचा केलेला बरा.

जमीन अशी ओबडधोबड म्हणूनच मी १:१० पेक्षा १:८ मापाची बग्गी सुचवतो. चाकं मोठी, चारही चाकांना ताकद, पुढे-मध्ये-मागे अशी तीन डिफरन्शियल. जागतिक स्पर्धांतही या वर्गाचं इंजिन ३.५ सीसीपर्यंतच असतं. खोक्यावर '२१' लिहिलेलं असतं ते हेच, ०.२१ घनइंच. '२८' लिहिलेलं इंजिन ४.६ सीसीचं, ते मोठ्या ट्रकसाठी. त्याच्या मोहात पडू नका. शर्यतीत ते बसत नाही आणि इंधन जास्त पितं. पहिली गाडी तयार, म्हणजे 'रेडी टू रन' घ्या. मात्र तंत्रमहोत्सवासाठी घेत असाल तर त्यांची नियमावली आधी वाचा, काही ठिकाणी तयार गाडी चालत नाही.

खरेदी करताना एक गोष्ट दुकानातच तपासा : फेलसेफ. बॅटरीची गाडी सिग्नल तुटला की बहुधा थांबते. नायट्रोचं इंजिन आपल्या आपण चालतच राहतं. म्हणून सिग्नल गेला की ब्रेक लागला पाहिजे, आणि रिसीव्हरची बॅटरी संपली तर थ्रॉटल मागे ओढणारी स्प्रिंग हवी. गाडी स्टँडवर ठेवून, इंजिन बंद असताना रिमोट बंद करा आणि ब्रेक लागतो का ते डोळ्यांनी पाहा. जुनी गाडी घेत असाल तर थंड इंजिनाचं फ्लायव्हील हाताने फिरवा. पिस्टन वर आला की घट्ट अडकल्यासारखं वाटलं पाहिजे. सैल फिरलं तर ते इंजिन संपलेलं आहे.

चौथा प्रश्न सुईचा. कार्बुरेटरला इंधनाच्या दोन सुया असतात, एक वेगासाठी आणि एक मंद चालीसाठी. इंधन कमी सोडलं तर गाडी क्षणभर झकास पळते, मग तापते आणि पिस्टन जाम होतो. तेल इंधनातच मिसळलेलं असतं ना, इंधन कमी म्हणजे तेलही कमी. इंजिनाच्या डोक्याचं तापमान साधारण १०० ते १२० अंशांत राहावं आणि मागे निळसर धुराची बारीक रेघ दिसावी. वाराणसीत जानेवारीत धुकं आणि मे महिन्यात चाळीसच्या वर पारा. थंड हवा दाट असते, तिला इंधन जास्त लागतं. जानेवारीत लावलेली सुई मे महिन्यात चालत नाही. नवीन इंजिनाला पहिल्या चार-सहा टाक्या इंधन जास्त ठेवून, हळू चालवून, मध्ये पूर्ण थंड होऊ द्यायचं. संध्याकाळी उरलेलं इंधन काढून टाकायचं, आत तेलाचे थेंब सोडायचे. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, श्रावणात झाकण सैल राहिलेला कॅन वाया गेलाच समजा. हे सगळं दर खेपेला करण्याचा कंटाळा येणार असेल, तर तो आत्ताच ओळखा.

मग कुणी विचारेल, काका, एवढं सगळं असेल तर इलेक्ट्रिकच का नाही? प्रश्न बरोबर आहे. आमच्या वाराणसीतल्या रेल्वे कारखान्यातून १९६४ साली पहिलं डिझेल इंजिन बाहेर पडलं, सारं शहर त्याला डीएलडब्ल्यू म्हणायचं. आज तिथे विजेची इंजिनं बनतात आणि २०२० पासून नावातलं 'डिझेल' जाऊन 'बनारस' आलं. कारखान्याने रसद पाहूनच बदल केला. १:८ मापाचीच इलेक्ट्रिक बग्गी मिळते, चालवण्याचं कौशल्य तेच. लिथियम बॅटरीलाही आगीची काळजी लागते, पण वीज घरात आहे.

नायट्रोचं वेगळेपण आहे ते लांब शर्यतीत. जागतिक अंतिम फेरी एक तासाची असते. गाडी पुन्हा पुन्हा पिटमध्ये येते, एक जण चालवतो आणि दुसरा काही सेकंदांत टाकी भरतो. हा दोघा-तिघांचा खेळ आहे. म्हणून विद्यार्थ्यांना माझं सांगणं असतं की एकेकट्याने चार गाड्या घेऊ नका. चौघांत एक घ्या. एक चालवेल, एक इंजिन सांभाळेल, एक इंधन आणि सुरक्षा पाहील, एक भाग आणि हिशेब.

तर चार प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा. चारही 'हो' आली, तर १:८ बग्गी, ३.५ सीसी, चालू फेलसेफ, आणि ज्याचा विक्रेता फोन उचलतो असं नाव. एक जरी 'नाही' आलं, तर यंदा इलेक्ट्रिक घ्या आणि हात तयार करा. ट्रॅकवर वळण कुठे घ्यायचं हे इलेक्ट्रिक गाडीवरही तेवढंच शिकता येतं.