कंसांतला आर्गॉन

लोखंडाच्या एका अणूंत २६ इलेक्ट्रॉन असतात. ते कोणत्या उपकवचांत किती आहेत हें पूर्ण सांगावयाचें तर १एस मध्यें २, २एस मध्यें २, २पी मध्यें ६, ३एस मध्यें २, ३पी मध्यें ६, ३डी मध्यें ६ आणि ४एस मध्यें २, असा पाढा म्हणावा लागतो. ऐकतांनाच आपणांस कंटाळा आला असेल! यांतील पहिल्या १८ इलेक्ट्रॉनांची मांडणी आर्गॉन वायूच्या अणूसारखीच असते. म्हणून चौकोनी कंसांत आर्गॉनचें चिन्ह घालावयाचें व पुढें उरलेले ८ तेवढे लिहावयाचे.

कंसांत बसण्याचा हा मान निष्क्रिय वायूंचा. हेलियम २, निऑन १०, आर्गॉन १८, क्रिप्टॉन ३६, झेनॉन ५४, रेडॉन ८६. आपल्या मूलद्रव्याच्या अलीकडचा सर्वांत जवळचा वायु घ्यावा. लॉर्ड रॅले व रॅम्झे यांनीं १८९४ सालीं आर्गॉन शोधला, आणि त्याच्या ग्रीक नांवाचा अर्थच 'आळशी' असा आहे. आळशी मंडळी कंसांत गेली म्हणजे रासायनिक व्यवहार करणारे इलेक्ट्रॉन उघडे दिसतात. शाई वाचते ही गोष्ट गौण. सोडियम लिहितांना निऑनपुढें ३एस मध्यें एकच इलेक्ट्रॉन उरतो. तो देऊन टाकण्यास सोडियम इतका उतावीळ कां, हें लेखनांतच दिसून येतें.

माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. हा विषय मी निवृत्तीनंतर पुस्तकांवरून शिकलों. शेजारची एक मुलगी अकरावीच्या अभ्यासासाठीं माझ्याकडे येई. क्रोमियमसाठीं तिनें आर्गॉनपुढें ३डी मध्यें ५ व ४एस मध्यें १ असें लिहिलें. मीं लाल रेघ मारून ४ व २ केले. दुसऱ्या दिवशीं तिनें मुकाट्यानें पुस्तक माझ्यापुढें ठेविलें. चूक माझी होती! मीं क्रमानें भरण्याचा नियम चालविला होता. क्रोमियमच्या वर्णपटावरून ठरलेली मांडणी तिचीच होती. तांब्याचेंहि तसेंच: ३डी मध्यें १०, ४एस मध्यें १.

अर्धें किंवा पूर्ण भरलेलें डी उपकवच अधिक स्थिर, असें कारण पुस्तकें देतात. तेंहि सर्वत्र लागू पडत नाहीं. टंगस्टन आवर्तसारणींत क्रोमियमच्याच उभ्या रांगेंत आहे, तरी त्याच्या ५डी मध्यें ४ व ६एस मध्यें २ असतात. अवजड अणुकेंद्रामुळें तेथें ६एस मधील इलेक्ट्रॉन अधिक घट्ट बांधलेले असतात.

तिच्या वहींतील माझी लाल रेघ मीं खोडली, आणि शेजारीं माझी सही केली.