जुन्या लष्करी बंदुकीची पहिली निवड

आज ज्या वस्तूविषयीं बोलावयाचें आहे ती आपल्यापैकीं बहुतेकांच्या घरीं कधींच येणार नाहीं. लष्कराची ३०३ नंबरची बंदूक आपल्या कायद्यानें निषिद्ध वर्गांत मोडते. अमेरिकेंत मात्र फौजेनें मोडींत काढलेल्या बंदुका जमविण्याचा छंद चांगला रूढ आहे. पन्नास वर्षांहून जुन्या हत्यारांसाठीं संग्राहकांना निराळा परवानाही तेथें मिळतो. तिकडे स्थायिक झालेल्या माझ्या एका विद्यार्थ्यानें पत्रानें विचारलें, "मास्तर, इतिहासाची गोडी तुम्हींच लावलीत, आतां पहिली बंदूक कोणती घेऊं तें सांगा." त्यास जें कळविलें तेंच येथें सांगतों.

ही बंदूक हातखटक्याची. प्रत्येक बारानंतर शिपायानें बोल्टाची मूठ उचलून मागें ओढावयाची, म्हणजे रिकामें काडतूस बाहेर पडतें. पुढें लोटली कीं पेटींतील नवें काडतूस नळींत बसतें. दुसऱ्या महायुद्धापर्यंत बहुतेक फौजांचें पायदळ असल्याच बंदुकांवर लढलें. जर्मनांची १८९८ ची मौझर, रशियाची १८९१ ची मोसिन, इंग्रजांची ली-एनफील्ड हीं त्यांतलीं ठळक नांवें.

नवखा संग्राहक प्रथम किंमत पाहतो. सोव्हिएट संघ १९९१ सालीं मोडल्यावर मोसिन बंदुका घट्ट ग्रीज फांसलेल्या अशा खोकेच्या खोके अमेरिकेंत आल्या आणि शंभर डॉलरांच्या आंत विकल्या गेल्या. ते दिवस आतां सरले. माझ्या मतें देश आणि किंमत हे प्रश्न मागाहूनचे. आधीं बोल्ट काढून, पलीकडे उजेड धरून, नळींत डोकवावें. आंतले पेचदार चर धारदार व स्वच्छ दिसले पाहिजेत. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपींत पोटॅशियम क्लोरेट असे. त्याचा क्षार नळींत राहतो, हवेंतील ओल ओढतो आणि पोलाद खातो. तो क्षार तेलानें विरघळत नाहीं, त्यास पाणीच लागतें. ज्या शिपायानें पाण्याचा कंटाळा केला त्याचा आळस ऐंशी वर्षांनंतरही नळींत दिसतो!

नंतर आंकडे पाहावे. बोल्टावरचा आंकडा बंदुकीच्या मुख्य सांगाड्यावरील आंकड्याशीं जुळला पाहिजे. ही नुसती संग्राहकाची चैन नव्हे. बोल्ट दुसऱ्याच बंदुकीचा असला तर काडतुसामागें फट अधिक राहूं शकते. मग पितळी कवच फाटतें आणि तप्त वायू उडविणाराच्या डोळ्यांकडे येतो. ली-एनफील्डच्या चौथ्या नमुन्यांत ही फट बेतशीर ठेवण्यासाठीं बोल्टाचीं डोकीं शून्यापासून तीनपर्यंत निरनिराळ्या मापांचीं केलेलीं असत. म्हणून आंकडे जुळले तरी जाणत्या कारागिराकडून माप घेतल्यावांचून एकही बार काढूं नये. 'डीपी' हीं इंग्रजी अक्षरें ठोकलेली बंदूक तर कवायतीपुरती. तिनें गोळी मुळींच झाडूं नये.

लांकडाविषयीं मी जरा हट्टी आहें. दस्ता घासून, पॉलिश करून जे लोक बंदूक 'नवी' करतात ते पोथी धुऊन कोरे कागद करणाऱ्यांपैकींच होत. स्वीडनच्या मौझरवर नळीची स्थिति नोंदविणारी पितळी चकती असते. स्विस बंदुकीच्या दस्त्याच्या पट्टीखालीं कित्येकदां मूळ शिपायाच्या नांवाची चिठ्ठी सांपडते. हें सारें घासकागदाच्या एका दुपारींत जातें.

विद्यार्थ्यास मीं ली-एनफील्डच सुचविली, आणि जमल्यास बंगालमधील इच्छापूरच्या कारखान्याची. १९४४ सालीं इटलींत लढलेल्या मराठा पलटणींच्या हातीं याच घराण्याची बंदूक होती. इच्छापूरच्या पुष्कळ बंदुकांच्या पुढच्या लांकडांतून एक आडवा स्क्रू गेलेला असतो. ती तिची खूण. मात्र त्याच कारखान्यानें १९६० नंतरच्या दशकांत तशाच घाटाची बंदूक ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठीं केली. बाहेरून दोघी बहिणी दिसतात, पण एकीचें काडतूस दुसरीस चालत नाहीं. तांब्याची तार गुंडाळलेली दिसली तर ती हातबॉम्ब फेंकण्यासाठीं राखलेली. भिंतीवर शोभेल, चांदमारीस नको.

दुकानांत जातांना खिशांत लहानसा दिवा ठेवावा. विकणारा बोल्ट काढून दाखविण्यास कांकूं करूं लागला, तर नमस्कार करून बाहेर पडावें.